तारल्यांच्या रस्त्यावरून

प्रिय माईआते,

मागे फोनवर तू विचारलंस, "मासे बघूक पैशे कित्याक देतत?" मी हसले आणि विषय बदलला. पण प्रश्न रास्त होता, म्हणून सविस्तर लिहिते. मॉन्टेरेच्या मत्स्यालयाचं तिकीट माणशी साठ डॉलरच्या वर आहे. तेवढ्यात मालवणच्या बाजारात किती बांगडे आले असते याचा हिशेब तू मांडायला घेशील, त्याआधीच पुढचं सांगते.

मॉन्टेरे हे कॅलिफोर्नियातलं गाव एका मोठ्या उपसागराच्या कुशीत आहे. मत्स्यालय अगदी पाण्यावर, काही भाग खांबांवर उभा. आत शिरलीस की पहिल्यांदा मासा दिसत नाही, अजस्र बॉयलर दिसतात. कारण ही मुळात हॉव्हडेन नावाच्या नॉर्वेजियन माणसाची कॅनरी, मासे डब्यात भरायचा कारखाना. आणि मासा कोणता? तारली! अगदी तुझी तारली नव्हे, तिची प्रशांत महासागरातली चुलत बहीण. समोरच्या रस्त्यावर असे कारखाने ओळीने होते. रात्री-अपरात्री होड्या भरून आल्या की भोंगे वाजत. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा. घरात झोपलेल्या बाया आवाजावरून आपला कारखाना ओळखून धावत सुटत. अंगाला इतका वास मारायचा की गावात लोक दूर सरत. जॉन स्टाइनबेकने १९४५ मध्ये या रस्त्यावर कादंबरी लिहिली, 'कॅनरी रो'. ती इतकी गाजली की पुढे रस्त्याचं सरकारी नावच बदलून तिचं दिलं.

आता तुला पटणार नाही असं सांगते. डब्यात जायची त्याहून कितीतरी तारली दळली जायची. तेल काढायचं, उरलेल्या चोथ्याचं कोंबड्यांना खाद्य नाहीतर शेताला खत. आपणही माडाला तारल्यांचं खत घालायचो म्हणा, पण ते खाऊन, वाटून, सुकवून उरलेल्यांचं. इथे यंत्रांच्या तोंडात समुद्रच ओतत होते. आधी साधी जाळी होती, मग पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या जाळ्यांच्या बोटी आल्या. (हा शब्द वाचून तू काय म्हणालीस, ते मला इथवर ऐकू आलं.) सरकारी मत्स्यखात्यातले शास्त्रज्ञ १९३०च्या दशकापासून बजावत होते की पकड आवरा. धंदेवाले म्हणत, समुद्र कधी आटतो का? दुसरं महायुद्ध संपता संपता तारली एकाएकी कमी झाली आणि पाच-सात वर्षांत कारखाने एकामागून एक बंद पडले. हॉव्हडेनचा कारखाना शेवटचा, माकुलावर वगैरे तग धरून होता. तोही १९७३ मध्ये मिटला.

खरं तर सगळा दोष जाळ्यांचा नाही. प्रशांत महासागराचं पाणी काही दशकं गार, काही दशकं उबदार राहतं, आणि तारली त्याबरोबर वाढते-घटते. पण ओहोटीच्या काळात भरतीइतकंच ओरबाडलं तर पुन्हा उठायला बीजच उरत नाही. हॉव्हडेनच्या कारखान्याशेजारच्याच एका लाकडी घरात एड रिकेट्स नावाच्या जीवशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती. स्टाइनबेकचा जिवलग मित्र, कादंबरीतला डॉक तो हाच. तारली गेली कुठे, याचा पाणी, प्लवक आणि पकड अशा सगळ्या बाजूंनी तो विचार करत होता. १९४८ मध्ये त्याच्या गाडीला रेल्वेची धडक बसली आणि तो गेला. ते घर अजून उभं आहे. मला मत्स्यालयाइतकंच ते बघायचं होतं, पण बाहेरूनच बघून परतावं लागलं.

पुढे जवळच्याच सागरी संशोधन केंद्रातल्या काही जीवशास्त्रज्ञांच्या डोक्यात आलं की या पडक्या कारखान्याच्या जागी मत्स्यालय करावं. त्यातल्या एकीचे वडील ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे डेव्हिड पॅकार्ड. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने पैसा घातला आणि १९८४ मध्ये ते उघडलं.

आता मासे. केल्पचं एक टाकं आहे, अठ्ठावीस फूट उंच. केल्प म्हणजे समुद्रातलं रान, माडासारखं सरळ वर जाणारं. त्याला ऊन लागतं, म्हणून टाकं वरून उघडं. पाणी हलतं लागतं, म्हणून लाटा करणारं यंत्र. ते बनवण्यात पॅकार्डसाहेबांनी स्वतः हात घातला होता. पाणी समोरच्या उपसागरातलंच. दिवसा ते गाळून सोडतात, आम्हाला स्वच्छ दिसावं म्हणून. रात्री दारं बंद झाली की न गाळता सोडतात. त्याबरोबर बारीकसारीक जीव, बीजं, अन्न सगळं आत येतं आणि कोणी न आणलेले प्राणी काचेच्या आतल्या खडकांवर रुजतात. मला हे फार आवडलं. एरवी काचेतले मासे बघताना माझा जीव थोडा घुसमटतो. तू लहानपणी मला मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतंस, तिथेही घुसमटला होता. इथे तो निम्मा तरी मोकळा झाला.

समुद्री पाणमांजरं आहेत. त्यांच्या मऊ लोकरीपायी माणसांनी त्यांचा जवळजवळ निर्वंश केला होता. आईवेगळी पिल्लं वाहून आली की इथे मोठ्या माद्यांकडे सांभाळायला देतात. माणसाची ओळख लागू नये म्हणून त्यांना हाताळणारे लोक काळा झगा आणि वेल्डिंगवाल्याचा मुखवटा घालतात! मोठी झाली की त्यांना समुद्रात सोडतात. जवळच्या एल्कहॉर्न खाडीत ती पुन्हा वाढली, त्यात या पिल्लांचा आणि त्यांच्या वंशाचा मोठा वाटा आहे. पाणमांजर सी-अर्चिन खातं, ते काटेरी गोळे केल्प फस्त करतात. तेव्हा पाणमांजर वाचलं तर रानही वाचतं.

आणि मग ते मोठं टाकं, खुल्या समुद्राचं. मुशी, कुपे, आणि मधोमध हजारो तारल्या. आते, तू जन्मभर तारली हातात धरलीस. डोळा बघितलास, कल्ले उचललेस, पोट दाबलंस. मला बाजारात तूच शिकवलंस. पण तारली पोहताना आपण दोघींनी कधी बघितलेली नव्हती. कुपा जवळ आला की सगळा थवा एका झटक्यात फिरतो, कोणी कोणाला आपटत नाही, आणि फिरताना एका बाजूने चांदीचा लखलखाट होतो, दुसऱ्या बाजूने सगळं काळं. कुपा त्यातली एखादी खातोही, तिथे कोणी सोवळं पाळत नाही. शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं. त्यातले आजोबा हळूच म्हणाले, "भरपूर आहेत." मला कळलं त्यांच्या डोळ्यांपुढे तवा आहे. माझ्याही होता.

उपाहारगृहात मासेही मिळतात, पण कोणता मासा कसा पकडला याची नोंद पाळून. कोणता खावा, कोणता टाळावा याची लाल-पिवळी-हिरवी यादी हे मत्स्यालय १९९९पासून काढतं. लोक ती कार्डं खिशात घेऊन बाजारात जात. तुझ्यापाशी ही यादी तोंडपाठ होतीच. गाभोळी भरलेली मासळी श्रावणाआधी घरात आणायची नाही, हे आजीने कोणतं कार्ड वाचून ठरवलं होतं? मात्र आपल्याकडे आता ती यादी पाळून भागणार नाही. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं हातांनी ओढणाऱ्यांनी पर्ससीनवाल्यांशी किती वर्षं भांडण मांडलंय, ते तू मला सांगितलं आहेस. त्यांच्यापैकी कोणाला तरी या रस्त्यावर आणून बॉयलरांपुढे उभं करावं असं वाटलं. नाहीतर पर्ससीनवाल्याला. त्याला आणलेलं जास्त बरं.

तू आलीस की जाऊ. स्वेटर लागेल, उन्हाळ्यात इथे धुकं असतं आणि समुद्र गारढोण. सकाळी दार उघडायलाच पोचू. गुडघ्यांची काळजी करू नकोस, आत बसायला बाकं आहेत. तारल्यांच्या टाक्यापुढे बस तासभर, मी पाणमांजरांकडे जाऊन येते. आणि येताना सोलं आण, इथली सोलं नुसती काळी असतात, आंबट नाहीत.

तुझी,
मनू