दिसत नाही म्हणजे गेले असे नव्हे

वाचक माउली, जन्मभर कीर्तनात मी दृष्टांत शेतातले आणि घरातले दिले. आजचा दृष्टांतही घरातलाच, पण संगणकाचा आहे.

आमच्या वैकुंठवासी गुरुवर्यांची साठ कीर्तने नातवाने कॅसेटवरून उतरवून घरच्या सर्व्हरवर ठेवली आहेत. सर्व्हर म्हणजे घरातल्या सर्वांच्या फायली एके ठिकाणी सांभाळणारा संगणक. कार्तिकीनंतर त्यावरचे लिनक्स अद्ययावत झाले, नवा कर्नल आला आणि सगळा साठा दिसेनासा झाला. जाणकार म्हणवणारे एक गृहस्थ म्हणाले, "डिस्क गेली. पुसून नव्याने मांडा."

तसे केले असते, तर गुरुवर्यांचा आवाज खरोखरच गेला असता.

कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी. डिस्कवरचे काहीही वाचायचे तर त्याच्याच हातून. आमचा साठा झेडएफएस पद्धतीने मांडलेला आहे. ही पद्धत लिनक्सच्या कर्नलमध्ये मुळात नाही. तिचा जोडभाग प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने तयार करावा लागतो. तो जुळला नाही. नव्या कारभाऱ्याला वहीची लिपी येईना, वही मात्र शाबूत होती. नातवाने संगणक सुरू होताना यादीतला जुना कर्नल निवडला आणि साठही कीर्तने जागेवर सापडली.

दर वेळी वही शाबूत राहतेच असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ च्या कर्नलमध्ये फायलींतला मजकूरच बिघडवू शकणारा दोष आढळला. तेव्हा ती आवृत्ती रोखून १० डिसेंबरला दुरुस्त केलेली १२.४ काढली गेली. म्हणून आता दुसऱ्या डिस्कवर एक प्रत काढून ती कपाटात वेगळी ठेवली आहे. तिसरी प्रत कंठात हवी. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी ती लोकांच्या मुखी होती, हे आपण जाणतोच.

माउली, साधनेतही असे दिवस येतात. टाळ हातात असतो, नाम मुखात असते, पण भाव कुठे दिसत नाही. मन म्हणते, सगळे फुकट गेले, माळ काढून ठेवावी. अशा वेळी काही पुसू नका. ज्या जुन्या नेमाने आजवर चाललात, त्याच नेमावर परत या: सकाळी नाम, संध्याकाळी हरिपाठ, एकादशीचा उपवास. साठवलेले आतच असते. वाचणारा ठिकाणावर आला की दिसू लागते.

रामकृष्ण हरी.