इंग्रजांचेही गाऱ्हाणे

आमच्या घरात 'इंग्रज' हा शब्द फार सैलपणे वापरला जाई. पेशवाई बुडविली ती इंग्रजांनी, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिला तोही ग्रँट डफ नावाच्या इंग्रजाने, असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे वाचनात आले की एल्फिन्स्टन, माल्कम, मन्रो आणि ग्रँट डफ हे चौघेही मूळचे स्कॉटलंडचे. म्हणजे ज्यांच्या नावे आम्ही पिढ्यान्पिढ्या बोटे मोडली, ते खरे इंग्रज नव्हतेच. खऱ्या इंग्रजांनाही काही गाऱ्हाणे असू शकेल, ही कल्पना तर आमच्या मनाला कधी शिवलीच नव्हती.

ती शिवली आमच्या पुतण्यामुळे. तो नोकरीनिमित्त न्यूकॅसलला राहत असे. २००४ च्या नोव्हेंबरात ईशान्य इंग्लंडला स्वतःची प्रादेशिक सभा हवी की नको, यावर तेथे टपालाने सार्वमत घेतले गेले. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून त्यालाही मत होते. त्याने 'नको' म्हटले. फोनवर म्हणाला, "काका, आणखी पुढारी आणि आणखी कर, दुसरे काय मिळणार?" विरोधकांनी प्रचारासाठी हवा भरलेला एक पांढरा हत्तीच गावोगाव फिरविला होता. सुमारे ७८ टक्के मतदारांनी ती सभा नाकारली. ज्यांना काही मिळाले नाही, त्यांनी मिळत असलेलेही का नाकारावे, याचे आम्हांस नवल वाटले, म्हणून थोडे वाचन केले.

१९९७ च्या सार्वमतांनंतर स्कॉटलंडला १२९ सदस्यांची संसद आणि वेल्सला विधानसभा मिळाली. १९९८ च्या करारानंतर उत्तर आयर्लंडलाही सभा मिळाली. राहिला तो एकटा इंग्लंड. राज्याच्या लोकसंख्येपैकी सुमारे ८४ टक्के लोक त्याचे, पण त्याचा कारभार सर्वांच्या वेस्टमिन्स्टरमधूनच चाले. त्यातून निघालेला पेच टॅम डॅलयेल या स्कॉटिश खासदाराने १९७७ सालीच मांडला होता. स्कॉटलंडच्या शाळा-रुग्णालयांबद्दल इंग्लंडच्या खासदाराला मत देता येणार नाही. मग इंग्लंडच्या शाळा-रुग्णालयांबद्दल स्कॉटलंडच्या खासदाराने का द्यावे? त्याच्या मतदारसंघावरून या पेचाला 'वेस्ट लोदियन प्रश्न' हे नाव पडले. जानेवारी २००४ मध्ये तो प्रत्यक्षात उतरला. इंग्लंडमधील विद्यापीठांचे शुल्क वाढविणारे विधेयक दुसऱ्या वाचनात अवघ्या पाच मतांनी तरले. स्कॉटिश सदस्यांची मते नसती तर ते पडले असते, आणि त्या सदस्यांच्या मतदारांच्या मुलांना आपल्या घरच्या विद्यापीठांत ती वाढ लागू होणार नव्हती.

उपाय सोपा दिसतो, पण तसा तो नाही. इंग्लंडला स्वतंत्र संसद द्यावी, तर सहांपैकी पाच हिस्से असलेला एक भागीदार इतरांना झाकून टाकणार. त्याचे तुकडे करावेत, तर लोकांनाच ते नको. २०१५ मध्ये केवळ इंग्लंडपुरत्या विधेयकांना इंग्लंडच्या सदस्यांची वेगळी संमती घेण्याचा नियम झाला. तो २०२१ च्या जुलैत रद्द करण्यात आला. ग्लॅडस्टनही याच खडकावर आपटला होता. १८८६ च्या आयर्लंड-स्वराज्याच्या विधेयकात आयरिश सदस्यांना वेस्टमिन्स्टरमधून वगळण्याची योजना होती, तर १८९३ च्या विधेयकात त्यांना ठेवायचे ठरले. फिन्सबरीहून निवडून आलेले दादाभाई नौरोजी तेव्हा त्या सभागृहात बसत आणि आयर्लंडच्या स्वराज्याचा पुरस्कार करीत. तेच दादाभाई १८७४ साली आमच्या बडोद्याचे दिवाण होते, हे येथील जुन्या मंडळींना सांगावयास नको.

बडोद्याचे नाव निघाले आणि आम्ही जरा थबकलो. १९६० नंतर गुजरातेत आम्ही मराठी माणसे अल्पसंख्य म्हणून राहिलो. शाळा, ग्रंथालय, नाट्यगृह यांसाठी झगडताना, थोड्यांचे ऐकले गेले पाहिजे, ही आमची भाषा झाली, आणि ती योग्यच होती. पण त्यापूर्वीच्या काळाचे काय? संस्थानात प्रजा बहुतांशी गुजराती होती, आणि मानाच्या जागांवर आमची माणसे मात्र संख्येच्या मानाने पुष्कळ अधिक होती. आमचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. ते अभिमानाने सांगत, "इथली माणसे फार सालस, कधी कुरकूर केली नाही." सयाजीरावांच्या राज्यात शिक्षण आणि न्याय यांचा लाभ सर्वांना झाला, हे खरेच, परंतु कारभार चांगला असणे आणि तो आपला असणे, या दोन गोष्टी आमच्या घरात एकच मानल्या गेल्या.

इंग्रजांचे गाऱ्हाणे वाचताना आम्हांला प्रथमच त्या गप्प राहिलेल्या शेजाऱ्यांची आठवण झाली. संख्येने मोठा असलेला समाज गाऱ्हाणे करीत नाही, म्हणून त्याला ते नसते, असे समजणे सोयीचे असते. न्यूकॅसलच्या लोकांनी ती सभा नाकारली, तरी डॅलयेलचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. आमच्या आजोबांना तो कोणी विचारलाच नाही. कोणी विचारला असता तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याचा विचार आम्ही आजही करतो. आणि खरे सांगावयाचे तर, त्यांच्या जागी आम्ही असतो तर आमच्यापाशीही उत्तर नसते.