घराचे बेट

नकाशा उघडून बसण्याचा नाद मला फार जुना. दिवाळीच्या सुटीत लोक फराळाचे ताट पुढे घेऊन गोष्टी वाचतात. मी ॲटलास चाळतो. त्यातही मोठमोठ्या देशांपेक्षा, समुद्रात शाईचे शिंतोडे उडावेत तशी दिसणारी बेटे मला अधिक ओढून घेतात. एवढ्याशा जागेवर माणसे राहतात तरी का, हे कुतूहल काही केल्या सुटत नाही.

त्यांतला माझ्या विशेष लोभातला शिंतोडा आहे आइसलंडच्या दक्षिणेला. वेस्टमन बेटांचा हा पुंजका पंधरा-एक बेटांचा. पण वस्ती आहे ती एकाच बेटावर. त्याचे नाव हेइमाए, म्हणजे चक्क 'घराचे बेट'! हे घर काही सुखाचे नव्हे. १६२७ साली अल्जियर्सच्या चाच्यांनी येथून सुमारे २४० माणसे गुलाम म्हणून पळवून नेली. बेटावर नदी नाही, ओढा नाही. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात पागोळ्यांखाली हंडे मांडतात, तसे येथल्या लोकांनी छपरावरचे पाणी साठवून पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले. १९६८ साली समुद्राच्या तळावरून नळ आला, तेव्हा कुठे मुख्य भूमीचे पाणी घरात खेळू लागले. मग येथे आहे काय? आहे बंदर, आणि भोवती माशांनी भरलेला दर्या. एवढ्या भांडवलावर पाच हजारांहून अधिक माणसांचा संसार चालला होता.

२३ जानेवारी १९७३ च्या रात्री दोनच्या सुमारास गावाच्या पूर्वेला, अगदी घरांच्या परसात म्हणावे अशा अंतरावर, जमीन मैलभर उभी फाटली आणि आगीचे फवारे उडू लागले. गावाशेजारचा हेल्गाफेल हा जुना ज्वालामुखी हजारो वर्षे स्वस्थ निजलेला. नवा कोणी उठेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पण दैवाची खोड पाहा! आदल्या दिवशी वादळ होते, म्हणून एरवी समुद्रावर असणाऱ्या होड्या त्या रात्री बंदरात उभ्या होत्या. ज्या वादळाला कोळणींनी दिवसभर बोल लावले असतील, त्यानेच नावा दारात आणून बांधल्या होत्या. काही तासांत जवळजवळ सारे गाव पलीकडे पोहोचले. त्या साऱ्या उत्पातात मृत्यू झाला तो एकाच माणसाचा, विषारी वायूने.

पुढचे पाच महिने मला भूगोलाच्या पुस्तकातील सर्वांत विलक्षण पान वाटतात. सुमारे चारशे घरे लाव्ह्याखाली आणि राखेखाली गेली, हे दुःख मोठे खरे. पण तप्त रस बंदराच्या तोंडाकडे सरकू लागला, तेव्हा मागे राहिलेल्यांच्या पोटात खरा गोळा उठला. घर पुन्हा बांधता येते. बंदर बुजले तर त्या घरात राहून करायचे काय? तेव्हा या मंडळींनी ज्वालामुखीवर पाणी ओतायचे ठरवले! ऐकून हसू येते; वणव्यावर गडवा उपडा करण्यातलाच हा प्रकार. पण मोठमोठे पंप आणून ते महिनोन्‌महिने समुद्र उपसून ओतत राहिले. गार झालेला लाव्हा थिजतो, त्याची भिंत होते आणि मागून येणारा रस तिला अडतो, असा तो हिशेब. तो जमला. ३ जुलैला स्फोट थांबल्याचे जाहीर झाले, तेव्हा बंदर शाबूत होते. इतकेच नव्हे, तर नव्या खडकाच्या आडोशाने त्याचे तोंड पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले होते. बेटाचे क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरहून अधिक वाढले होते आणि उशाशी सुमारे दोनशे मीटर उंचीचा नवा डोंगर, एल्डफेल, उभा होता.

एरवी आपण समजतो की भूगोल संथ आणि माणसे चंचल. येथे भूगोल पाच महिन्यांत बदलला आणि माणसे मात्र जुन्या जागेला धरून राहिली. दोन-तीन वर्षांत बहुतेक लोक परतले. सगळेच नव्हे, ज्यांची घरे लाव्ह्याच्या तळाशी कायमची गेली, त्यांतल्या कित्येकांनी पलीकडेच बिऱ्हाड थाटले, आणि त्यांना कोण नावे ठेवील? आजही लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपासच आहे. जुना आकडा पुन्हा भरून निघाला नाही. परतलेल्यांनी गावातली राख उपसली, तिच्यातलीच काही विमानाच्या धावपट्टीला भर म्हणून वापरली, आणि तापलेल्या खडकांची ऊब नळांतून खेळवून कित्येक वर्षे घरे गरम ठेवली. ज्याने घर जाळले त्याच्याकडूनच शेकोटी वसूल करणारी ही माणसे मला कोकणातल्या चिवट म्हाताऱ्यांची सख्खी भावंडे वाटतात.

तेथल्या मुलांचे एक काम तर मला आपल्या मुलांना मुद्दाम सांगावेसे वाटते. कड्याकपारींत पफिन नावाचे, रंगीत चोचीचे पक्षी लाखोंनी घरटी करतात. उन्हाळा सरताना त्यांची पिल्ले रात्री प्रथमच उडतात, गावच्या दिव्यांना भुलतात आणि समुद्राऐवजी रस्त्यात येऊन पडतात. त्या दिवसांत मुलांना रात्री उशिरापर्यंत जागायची मुभा असते. मुले पुठ्ठ्याची खोकी घेऊन गल्ल्या धुंडाळतात, गाड्यांखालची पिल्ले उचलून घरी नेतात आणि सकाळी किनाऱ्यावर जाऊन एकेक पिल्लू दोन्ही हातांनी समुद्राकडे उंच उडवून देतात.