अर्जात नसलेली आजी

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावात लेकरं आजीजवळ ठेवून आईबापांनी दूर जाणं नवं नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांनी ती ठेवली, पुण्याच्या कारखान्यात लागलेल्यांनी ठेवली. अशा मुलांसाठी सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली, तरी पहिला भरवसा म्हातारीवरच. हंगाम संपून पट्टा पडला की मायबाप परत येतात, लेकरू चार दिवस बुजतं आणि मग आईच्या कुशीत शिरतं. मधे ना सरहद्द, ना व्हिसाची मुलाखत.

आता आजीच्या ओसरीवर कधी निळ्या अमेरिकन पासपोर्टचं लेकरूही खेळताना दिसतं. सगळ्याच नोकरदार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. 1993 च्या कायद्यानं मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही नोकरीला वर्ष झालेलं असेल आणि कंपनी पुरेशी मोठी असेल तर. पाळणाघराची फी ऐकून इकडच्या माणसाला धाप लागते. मग तान्हं बाळ आजीच्या ओटीत येतं. हळदीच्या शेताच्या बांधावर रांगायला शिकलेलं हे मूल आपल्या कायद्यानं परदेशी. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं ओसीआय कार्ड काढलं तर व्हिसाची कटकट मिटते, पण त्या कार्डावर मोठेपणी त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या बांधावर ते वाढलं, तो वारशानंच त्याच्याकडे यायचा.

दोन-तीन वर्षांनी आईबाप न्यायला येतात. शेजारच्या घरातलं असं एक निघणं मी जवळून पाहिलं. पोरगं आईला ओळखत होतं, पण फोनच्या काचेतली आई. खरी आई कुशीत घ्यायला वाकली की ते आजीच्या पदराआड जायचं. त्या माउलीचा चेहरा मला पाहवला नाही. तिनं काय कमी सोसलं होतं? दूध आटवण्याच्या गोळ्या घेऊन कामावर रुजू झालेली बाई ती. तिचा हक्क मी नाकारत नाही. तरी मला लेकराच्या बाजूनं बोलावंसं वाटतं. आईबापांना त्यांचं मूल मिळतं त्याच दिवशी त्या मुलाचं घर सुटतं, आणि हे दुःख कुणी जमेस धरतच नाही.

कायदा तर नाहीच नाही. त्याच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि ठरावीक वयाखालची मुलं. अमेरिकेत नोकरदाराच्या व्हिसावर मूल नेता येतं ते एकवीस पूर्ण होईपर्यंत आणि अविवाहित असेल तरच. कॅनडात ही मर्यादा बावीस. आखाताचा हिशेब आणखी कडक. संयुक्त अरब अमिरातीत महिना चार हजार दिरहम, किंवा राहायची जागा मिळून तीन हजार पगार असेल तर बायकामुलांचा व्हिसा मिळतो. त्याहून कमी मिळवणाऱ्या मजुराचं लेकरू गावातच वाढतं. बापाची माया पगाराच्या पावतीवर मोजली जाते, याचा मला संताप येतो. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं दहावं कलम सांगतं की मुलांना आईबापांजवळ नेण्याचे अर्ज माणुसकीनं आणि लवकर निकाली काढावेत. भारतानं तो करार 1992 मध्ये स्वीकारला. अमेरिकेनं अजून मंजूर केलेला नाही.

करोनात या सगळ्याची परीक्षा झाली. मार्च 2020 मध्ये ऑस्ट्रेलियानं सरहद्द बंद केली. त्याआधी आजी-आजोबांकडे आलेली कितीतरी मुलं भारतात अडकली. मे 2021 मध्ये तिथल्या संसदीय समितीपुढे आकडा आला: पालकांविना भारतात राहिलेली 173 मुलं. सरकारनं सोडलेल्या विमानांत एकट्या लहान मुलांना घेत नव्हते, आईबापांना तिकडून निघायची परवानगी मिळणं मुश्कील. त्याच सुमारास भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही तुरुंगाची धमकी देऊन त्या देशानं काही दिवस दार लावून घेतलं होतं. आपल्याकडेही ओसीआय कार्डावर देशात येण्यास बंदी आली. परदेशात जन्मलेल्या, भारतीय आईबापांच्या लहानग्यांना 22 मे 2020 ला सूट मिळाली, तोवर काही कुटुंबं विमानतळावरून माघारी गेली, कारण आईबाप भारतीय आणि कडेवरचं मूल परदेशी. त्या काळात इकडे अडकलेल्या मुलांना कुणी सांभाळलं? ज्यांचं नाव कुठल्याच अर्जात नसतं, त्या म्हाताऱ्यांनी.

म्हणून मला वाटतं, न्यायला येणाऱ्यांनी आठ दिवसांची रजा काढून येऊ नये. महिना-दीड महिना इथंच राहावं, लेकराला आजीच्या देखत भरवावं, तिच्याच गोधडीवर झोपवावं. जमलं तर पहिले काही महिने आजीलाच सोबत न्यावं. कॅनडानं आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा काढला आहे, 2022 पासून त्यावर एका खेपेत पाच वर्षं राहता येतं. तिथं राहणाऱ्या मुलाला उत्पन्न दाखवावं लागतं, आरोग्य विमा काढावा लागतो. अमेरिकेत पाहुण्यांच्या व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात, आणि मुलाखतीत म्हातारी परत जाईल याची खात्री पटवून द्यावी लागते. त्यासाठी लोक सातबारा जोडतात. शेजारच्या आजीनं तलाठ्याकडून तो आणला आहे. पासपोर्टच्या अर्जावर जन्मतारीख काय लिहायची, हे अजून ठरायचं आहे.