रिकाम्या हाताची दया

तलवारीपेक्षा रिकाम्या हाताने लढणे कठीण, हे सांगावयास पंडित नको. परंतु रिकाम्या हाताच्या लढाईचे नियम लिहिणे त्याहूनही कठीण आहे, हे आम्हांला एका खेळाच्या पुस्तकांनी शिकविले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचिला आणि १९७४ साली प्रसिद्ध केला. चारसहा जण मेजाभोवती बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. कथा बोलण्यातूनच पुढे सरकते आणि जेथे यशाची खात्री नाही तेथे वीस बाजूंचा फासा कौल देतो. आमच्या कन्येची मित्रमंडळी दर रविवारी आमचा दिवाणखाना याच कार्यासाठी अडवून बसते. आम्ही मात्र अध्यापकी खोडीप्रमाणे खेळापेक्षा नियमच अधिक वाचले.

तलवारीचे काम दोन प्रश्नांत आटोपते: घाव लागला काय, आणि किती लागला? झोंबीचे तसे नाही. धरलेला हलू शकतो काय, उलट मारू शकतो काय, सुटतो कसा? येथे निष्पन्न होतो तो आकडा नव्हे, दोन देहांचा संबंध. आणि संबंध फाशात मावत नाही. १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत ठोसे मारणे, कवटाळणे व अंगावर कोसळून लोळविणे यांसाठी शेकड्याच्या हिशेबाची अशी कोष्टके दिली की त्यांची क्लिष्टता खेळाडूंत कुप्रसिद्ध झाली. १९८५ च्या एका पुरवणीस निराळी पद्धत परिशिष्टात द्यावी लागली. २००० च्या आवृत्तीतही धरावयास जाणाऱ्याने बहुधा आधी प्रतिपक्षाचा एक फुकटचा वार सोसावा, मग स्पर्श साधावा, मग बळ तोलावे, असा द्राविडी प्राणायाम होताच. २०१४ साली मात्र गोष्ट सुटसुटीत झाली: दोघांनी फासा टाकावा, आपापले कसब मिळवावे, धरणाऱ्याचा आकडा मोठा आला की पकड बसली.

यात एवढे मोठे काय, असे कोणी विचारील. मोठे हे की, हातातील शस्त्र खाली ठेवून जो धरावयास जातो त्याला बहुधा मारावयाचे नसते. मारण्याचा नियम एका ओळीचा आणि धरण्याचा कोष्टकांचा असेल, तर दयाळू खेळाडूही कंटाळून तलवारच उपसतो. क्लिष्ट नियम हा न लिहिलेला निषेधच होय.

यावर उत्तर असे की, २०१४ च्या नियमांत हातघाईचा अखेरचा घाव प्राणघातक न ठरविता शत्रूला केवळ बेशुद्ध करण्याची मुभा आहे. आहे खरी; परंतु ही दया शेवटच्या घावाला आठवणारी, आणि म्हणून स्वस्त. हाताची दया आरंभीच ठरवावी लागते.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कथेत मंत्राने भारलेला एक कोवळा पहारेकरी दाराशी आडवा आला. कन्येच्या योद्ध्याने तलवार टाकून त्याला धरले. धरलेल्याला जागेवरून हलता येत नाही, पण हात चालविता येतात. त्याने एक सणसणीत ठोसा लगावला. पुढच्या खेपेस तिने त्याला खाली पाडले. आणि पकडीत पाय हलेनात, म्हणून त्याला उठताही येईना. “एका घावात मेला असता!” असे एक मित्र कुरकुरला. “म्हणूनच,” एवढेच कन्या म्हणाली आणि तिने दोर मागितला.

तिच्या योद्ध्याची इजा कागदावर मांडली गेली. वाचलेल्या पहारेकऱ्याच्या नावे कोणी काही मांडले नाही. नियमावली हा हिशेब ठेवीत नाही. तिने फक्त वाट मोकळी ठेवावी. चालावयाचे की नाही, हे माणसाने ठरवावे. कायदे करणाऱ्यांकडूनही आम्ही याहून अधिक मागत नाही.