हादरा आणि उपसा

रानात मुक्कामाला जाणाऱ्या गाडीची बॅटरी निवडायची म्हटली की माझं घोडं एकाच जागी अडतं. जी बॅटरी हादरा सोसते तिला उपसा सोसत नाही आणि जिला उपसा सोसतो ती हादऱ्यानं मोडते. सौंसरला नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर दुकान असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे चालत येतो. नागपूरकडची मंडळी रामाकोना करत, सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला आणि तिथून तामियाला जातात, पातालकोटच्या कड्यावर दोन-तीन रात्री काढतात आणि येता-जाता माझ्याकडे थांबतात. थारवाले असतात, गुरखावाले असतात (ती गाडी आपल्याच मध्य प्रदेशात, पिथमपूरला बनते), कॅम्परच्या पाठीवर सुताराकडून पलंग ठोकून घेतलेलेही असतात. सगळ्यांचं मागणं एकच, "काका, टिकेल अशी द्या."

टिकायचं कशापुढं, हा खरा सवाल. डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे-तीनशे ॲम्पियर खेचतो, पण दोन-तीन सेकंदच. हिशेब केला तर बॅटरीतला शेकडा एक भागही जात नाही, आणि तो अल्टरनेटर चार-दोन मिनिटांत भरून काढतो. त्यासाठी प्लेटा पातळ आणि पुष्कळ लागतात, डब्यात दाटीनं बसवलेल्या. दाटीमुळे त्या हादऱ्यात हलत नाहीत. आता त्याच बॅटरीला चाळीस लिटरचा फ्रीज जोडा. चालू असताना तो चारेक ॲम्पियर घेतो; मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ चालतो आणि दिवसरात्रीत 50-60 ॲम्पियर-अवर उपसून टाकतो. वर पंखा, दिवे, मोबाईल. पातळ प्लेटेला असा निम्म्याच्या खाली उपसा चालत नाही. काही मुक्कामांतच ती बसते.

मग लोक घरातल्या इन्व्हर्टरची उंच ट्यूबलर उचलून गाडीत ठेवतात. तिच्या धन प्लेटेतलं शिशाचं लेपण नळ्यांत बांधलेलं असतं, म्हणून खोल उपसा ती वर्षानुवर्षं सोसते. पण ती कोपऱ्यात उभी राहण्यासाठी जन्मली आहे. 150 ॲम्पियर-अवरची ॲसिडसकट पन्नास किलोच्या वर जाते. लांब प्लेटा वरच्या पट्टीला जोडलेल्या, आणि प्रत्येक खड्ड्यात सगळा भार त्या जोडावर. घाटातल्या वळणांवर ॲसिड डचमळून बुचांतून बाहेर येतं ते वेगळंच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काळ्या रबरी डब्याच्या बॅटऱ्या असत तेव्हा आम्ही त्या उघडायचो. तापवलेल्या पात्यानं वरचं डांबर कापायचं, पट्टी धरून एकेका सेलचा गठ्ठा सरळ वर ओढायचा, ॲसिड निथळू द्यायचं आणि उजेडात धरायचा. ऋण प्लेट राखाडी. नखानं ओरखडा काढला आणि रेघ धातूसारखी चमकली तर जिवंत, पांढरी खडबडीत राहिली तर उपाशी ठेवून मारलेली. धन प्लेट चॉकलेटी. बोट फिरवल्यावर चिखल लागला तर उपसून उपसून मऊ झालेली. जाळीच वाढून तुकडे पडायला आली असेल तर उष्णता नाहीतर जास्तीचं चार्जिंग. आणि प्लेटा चांगल्या पण वरचे कान तुटलेले दिसले की समजायचं, हादरा. मग डबा उपडा करायचा. तळाशी उभ्या पट्ट्या असत, गळलेली माती त्यांच्यामध्ये साचावी आणि प्लेटांना टेकू नये म्हणून. माती किती आणि कसली, यावरून गाडी बाजारात फिरते की घाटात, हे मी मालकाच्या आधी सांगायचो. कमांडर जीपवाले संत्र्याच्या हंगामात बागेतून माल काढायचे. त्यांच्या बॅटऱ्यांचे कान नेमके तुटलेले असत. या ओळखण्याचा मला गर्व होता. अजून आहे. दुकानात चार माणसं असली की मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचो.

प्लास्टिकचे बंद डबे आले आणि उघडणं संपलं. 2001 च्या नियमांनी जुनी बॅटरी विक्रेत्यानं परत घ्यायची आणि नोंदणी असलेल्या ठिकाणीच पाठवायची असं ठरलं. 2022 च्या नव्या नियमांत लिथियमही आलं. शिसं वितळवताना जो धूर आम्ही ओढला तो नव्या पोरांना ओढावा लागत नाही, हे उत्तम झालं. पण बॅटरी कशानं मेली हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं या धंद्यात कमी होत चालली, याचं मला मनापासून दुःख आहे. आता काउंटरवर बसलेला मुलगा लोड टेस्टर लावतो, काटा पाहतो आणि नवी खपवतो. जुनी का गेली ते तो विचारत नाही, म्हणून नवीही त्याच रोगानं जाते.

मधला मार्ग म्हणून मी काही वर्षं एजीएम बसवल्या. त्यात काचतंतूंच्या जाड थरात ॲसिड मुरलेलं असतं आणि प्लेटा त्या थरांत घट्ट दाबून भरलेल्या. हादऱ्याला इतकी चांगली शिशाची बॅटरी दुसरी नाही, आणि सांडण्याची भीती नाही. पण तिला उन्हाळा मानवत नाही. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, हा जुना नियम आहे. बॉनेटखाली साठ-सत्तर अंश होतात. उघड्या बॅटरीत उडालेलं पाणी वरून घालता येतं, बंद एजीएममध्ये येत नाही; आतलं एकदा सुकलं की सुकलं. हिमाचलवाल्यांना मी एजीएम डोळे मिटून सांगेन. आमच्या विदर्भाला लागून असलेल्या पट्ट्यात नाही.

बॅटरी कोणती याइतकंच ती बसवायची कुठं, यावर मी भांडतो. बॉनेटखाली ताप म्हणून लोक ती मागं नेतात आणि थेट मागच्या दाराशी ठेवतात. गाडीत सगळ्यात जास्त आपटतं ते मागच्या चाकांच्या मागे. दहा जण कोंबलेल्या काळी-पिवळीत मागच्या बाकावर बसून ज्यानं प्रवास केला त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही चाकांच्या मध्ये, सीटखाली, जमिनीलगत जागा काढावी. खाली रबराचा पट्टा, चारी बाजूंनी अँगलची चौकट, वरून क्लॅम्प. बॅटरी हातानं हलवली तर गाडी हलली पाहिजे. अशी चौकट करून द्यायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतं. तेवढ्याच पैशात जास्त ॲम्पियर-अवरचं स्टिकर मात्र आनंदानं घेतं.

मागं नेली की वायरचा प्रश्न. सहा मीटर जायला, सहा यायला. दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली आणि 30 ॲम्पियर चालले तर वाटेतच 0.6 व्होल्ट सांडतो. अल्टरनेटरवर 14.2 असले तरी बॅटरीपाशी 13.6, आणि तेवढ्यावर शिशाची बॅटरी दोन-चार तासांच्या प्रवासात पोटभर भरत नाही. रोज थोडी उपाशी राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि बदनाम होते ती कंपनी. 35 ची वायर टाकली तर तूट 0.2 च्या आत येते. नव्या बीएस-सिक्स गाड्यांत अल्टरनेटर डिझेल वाचवायला स्वतःच व्होल्टेज उतरवतो, तिथं जाड वायरही पुरत नाही; मध्ये डीसी-डीसी चार्जर घालावाच लागतो.

आता लिथियम. पांढुर्ण्याहून माझी भाची शिकायला येते. आयटीआय झालेली आहे, हात साफ आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून हायड्रोमीटरच्या काचेतली रेघ मला दिसत नाही; ती वाचते, "मामाजी, पाच घरं 1.260, एक 1.190," आणि मी सांगतो ते घर गेलं. एक दिवस तिनं लोह-फॉस्फेटची बॅटरी आणून टेबलावर ठेवली. प्लांतेनं 1859 मध्ये शिशाची बॅटरी केली आणि तेव्हापासून आमचा सगळा धंदा तिच्यावर चालला. ही नवी जात 1997 मध्ये टेक्सासातल्या गुडइनफ यांच्या चमूनं जगापुढं मांडली. शंभर ॲम्पियर-अवरची, आणि भाचीनं ती एका हातानं उचलली. शिशाच्या शंभरातले पन्नास वापरायचे. हिच्यातले ऐंशी-नव्वद खुशाल वापरा. अर्धवट भरलेली राहिली तर बिघडत नाही, उलट तिला ते मानवतं. उपशाचा प्रश्न एका फटक्यात सुटला.

मला मात्र ती मुकी वाटली. शिशाची बॅटरी 12.7 वरून 12.2 वर येते तेव्हा सांगत असते की निम्मी झाले. ही चाळीस टक्क्यांवर असो की सत्तर, मीटर 13.2 च्या आसपासच दाखवतो. मग आतलं बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, एकदम तोडतं आणि सगळं बंद. हायड्रोमीटर घालायला बूच नाही, कानाला आवाज नाही. भाची शंट लावते, जाणारा-येणारा प्रत्येक ॲम्पियर मोजते आणि मोबाईलवर टक्के पाहते. तिचं बरोबर असतं. मागच्या हिवाळ्यात एका गुरखावाल्यानं माझ्यादेखत तिला विचारलं, "ताई, कोणती घेऊ?" मी तिथंच खुर्चीवर होतो. ते मला लागलं. पुढं कित्येक दिवस मी शिशाची बाजू अधिकच जोरात मांडत राहिलो, आणि त्या मांडण्यामागे धंद्याचं ज्ञान जितकं होतं तितकाच अहंकार होता. शिसं मला वाचता येतं, म्हणून मला ते चांगलं वाटतं.

तरी एका बाबतीत मी हटलो नाही. हादरा संपलेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. लिथियमच्या डब्यात चार चौकोनी सेल तांब्याच्या पट्ट्यांनी नटांवर जोडलेले असतात आणि प्रत्येकावरून एक केसासारखी बारीक वायर बीएमएसकडे जाते. खडीच्या रस्त्यावर नट सैल होतो, सैल नट तापतो. वायर तुटली की बीएमएसला सेल दिसत नाही आणि ते सगळं बंद करतं. बाजारात तर कुठल्याशा गाडीतून काढलेल्या जुन्या सेलना नवं निळं कव्हर चढवून विकणारे बसलेच आहेत. असा डबा आला की आधी तो शेजारच्या संत्र्यांच्या आडतीवर काट्यावर ठेवतो. 100 चे चार सेलच आठेक किलो भरतात; खोक्यासकट डबा सात किलोचा निघाला तर पुढं बोलायचं कारण नाही. वजन जमलं तर भाची 5 ॲम्पियरचा लोड लावून वीस तास घड्याळ पाहते. एवढं करून विकणारा दुकानदार मला आमच्या पांढुर्णा जिल्ह्यात तरी दुसरा माहीत नाही, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

त्या गुरखावाल्याला लिथियमच दिली. सीटखाली, दोन्ही चाकांच्या मध्ये, माझ्या चौकटीत. नटांना थ्रेडलॉक लावला, बारीक वायरी हातभर सैल ठेवून बांधल्या. भांडण झालं ते झाकणावरून. भाची म्हणाली, "मामाजी, पक्कं सील करू. तामियाकडची लाल धूळ आत गेली तर सर्किटच जाईल." मी म्हटलं, "स्क्रू ठेव. वर्षाकाठी नट तपासता आले नाहीत तर आत काय झालं ते मेल्यावरच कळेल." तिचं म्हणणं, तपासायला उघडणं हेच धूळ आत जाण्याचं कारण. शेवटी रबराची किनार लावून स्क्रूचं झाकण बसवलं, म्हणजे दोघांचंही अर्धंच झालं. पावसाळा संपल्यावर गाडी दाखवायला आणा, असं मालकाला सांगून ठेवलंय. तेव्हा पाना माझ्या हातात असेल. धूळ किती आत गेली आणि नट किती फिरतात, ते एकाच वेळी पाहून घेऊ.