शेजारची खुर्ची

इथे लंडनमध्ये डॉक्टर नवऱ्याशी बोलत नाहीत. तुम्ही कोण, हे आपुलकीनं विचारतात, बसायला सांगतात, आणि मग त्यांची नजर पेशंटकडे वळते ती तिथंच राहते. हिच्या स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा गाठ केवढी आहे, काखेपर्यंत पोचली आहे का, आधी केमो का आणि ऑपरेशन नंतर का, हे सगळं सर्जननं हिच्याकडे बघून, हिला समजेल असं सांगितलं. नर्सनं आपला थेट नंबर लिहिलेलं कार्डही हिच्याच हातात ठेवलं. मी शेजारच्या खुर्चीत होतो.

मी सांगलीत वाढलो. आमच्या काकूंना कॅन्सर झाला तेव्हा रिपोर्ट काकांच्या पिशवीत असायचे आणि काकूंना शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगितलं गेलं. घरातल्या कुणाच्याही मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं. पण मुंबईला टाटात जायचं की घरीच राहायचं, लेकीचं लग्न लवकर उरकायचं का, हे काकूंना कुणी विचारलंच नाही. विचारणार तरी कसं? त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं. म्हणून लंडनची ही रीत मला मनापासून पटते. दुखणं हिचं, शरीर हिचं, कागदावरची सहीही हिचीच.

मग सोबत्याला काम काय उरतं? भरपूर उरतं. पहिलं काम लिहून घेण्याचं. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की पुढचं बरंच बोलणं पेशंटच्या डोक्यात शिरत नाही. ते वहीत उतरलं असेल तर रात्री शांतपणे परत वाचता येतं. अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं प्रश्न काढतो. प्रश्न ती सांगते, मी लिहितो. तिथं एखादा राहिलाच, तर मी वही तिच्यापुढे सरकवतो.

दुसरं काम थर्मामीटरचं. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. म्हणून प्रत्येक पेशंटला एक कार्ड देतात: ताप ३८ अंश किंवा त्याहून जास्त झाला, तर रात्र असो की दिवस, हेल्पलाइनला फोन करायचा. सेल्सिअसचे ३८, म्हणजे आपल्या जुन्या थर्मामीटरवरचे जेमतेम शंभर. आपल्याकडे एवढ्या तापाला क्रोसिन देऊन झोपवतात. इथे नेमकं तेच करू नका म्हणून बजावतात, कारण गोळीनं ताप उतरतो, जंतू आत तसाच राहतो. एका रात्री आकडा ३८.२ दाखवत होता. हेल्पलाइनवरच्या नर्सनं चार प्रश्न विचारले आणि लगेच निघा म्हणाली. इमर्जन्सीत ते कार्ड दाखवल्यावर हिला रांगेत बसवलं नाही. अशा पेशंटला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळालं पाहिजे असा इथला दंडक आहे, आणि तो पाळला गेला. त्या रात्रीपासून माझ्या उशाशी थर्मामीटर असतो.

इंजेक्शनही मीच देतो. केमोनंतर काही दिवस पांढऱ्या पेशी वाढवायला फिल्ग्रास्टिम घ्यावं लागतं. औषध भरलेल्या छोट्या सिरिंज फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. अर्धा तास आधी बाहेर काढायची, बेंबीपासून दोन बोटं सोडून कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची आणि दट्ट्या हळूहळू दाबायचा. ही छताकडे बघत मनातल्या मनात रामरक्षा म्हणते. दुसऱ्या दिवशी हाडं ठणकतात, तेव्हा पाठ चेपून द्यायची.

पैशाची काळजी मात्र इथे करावी लागत नाही, आणि हे मी कृतज्ञतेनं लिहितो. १९४८ साली सुरू झालेल्या एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, उपचारांचं बिल येत नाही. इंग्लंडमध्ये २००९पासून कॅन्सरच्या पेशंटला प्रिस्क्रिप्शनचे पैसेही माफ आहेत. त्यासाठी एक फॉर्म भरून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. नव्यानं आलेल्यांना ते ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. २०२४च्या एप्रिलपासून आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या नोकरदाराला वर्षाला आठवडाभराची रजा हक्कानं मिळते. ती बिनपगारी असते. कॅन्सरच्या घराला एक आठवडा कसा पुरणार? हा कायदा आणखी पुढे जायला हवा.

हॅमरस्मिथच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलच्या दाराशी एक नारिंगी भिंतींचं बसकं घर आहे: मॅगीज सेंटर. मॅगी केझविक जेन्क्स या बाईंना कॅन्सर उलटल्याचं सांगितलं गेलं आणि त्यानंतर बसायला मिळाला तो बिनखिडक्यांचा कॉरिडॉर. अशा वेळी माणसाला बरी जागा हवी, म्हणून त्यांनी या घरांची कल्पना मांडली. १९९५ साली त्या गेल्या. पहिलं घर १९९६मध्ये एडिंबरोला उभं राहिलं. हॅमरस्मिथचं वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांच्या फर्मनं आखलं. मधोमध स्वयंपाकघर आणि मोठं टेबल, चहा आपला आपण करून घ्यायचा. अपॉइंटमेंट लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि दार घरच्यांनाही उघडं असतं. हिची केमो चालू असताना त्या टेबलाशी एका वयस्कर इंग्रज गृहस्थांनी मला विचारलं, ‘आणि तुम्ही कसे आहात?’ निदान झाल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी बराच वेळ बोलत राहिलो.

सोबत्यालाही सोबत लागते, आणि परदेशात ती उभी करावी लागते. गावी असतो तर वहिनी, मावशी, शेजारच्या काकू न सांगता आल्या असत्या. इथे फोनवर येतात ते लक्ष्मीतरूच्या काढ्याचे आणि हळदीच्या गोळ्यांचे सल्ले. ते प्रेमानं आलेले असतात, म्हणून मी चिडत नाही. पण हॉस्पिटलच्या फार्मासिस्टला विचारल्याशिवाय घरात काही आणत नाही, कारण अशा गोष्टी केमोच्या औषधांच्या आड येऊ शकतात. खरा आधार दिला तो हाउन्सलोतल्या मराठी मैत्रिणींनी. एकीनं मंगळवार घेतला, एकीनं शुक्रवार. केमोनं तोंडाला सगळं धातूसारखं लागायचं, तेव्हा मेतकूट घातलेला मऊ भात आणि वर लिंबाच्या लोणच्याचा खार एवढंच हिच्या घशाखाली उतरायचं, तेही लाकडी चमच्यानं.

ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या. आता रेडिओथेरपी. पूर्वी ती तीन आठवडे चालायची. २०२०मध्ये इथल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आल्यापासून अनेकींना पाच दिवस पुरतात. हिलाही पाचच सांगितले आहेत, सोमवारपासून. तिची आई सहा महिन्यांच्या व्हिजावर त्याच आठवड्यात येते आहे. हिला सकाळच्या वेळा हव्या होत्या, म्हणजे दुपारी आईबरोबर घरी राहता येईल. त्या तिनं स्वतः फोन करून मागून घेतल्या. मी वहीत लिहिल्या.